साखर कुठे ठेवायची?

शिवजयंतीच्या आदल्या रात्री प्रतापगडावरून ज्योत आणायची, हा आमच्या गावातल्या मंडळाचा अनेक वर्षांचा नेम आहे. गाव कराडपासून आठ-नऊ किलोमीटरवर. गडावर भवानीमातेच्या मंदिरात मशाल पेटवायची आणि हातोहात धावत ती गावात आणायची. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग पाचगणी, पसरणीचा घाट उतरून वाई, पाचवडला हमरस्ता, पुढे सातारा, नागठाणे, उंब्रज, कराड. सगळे मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. बावीस मुले, एक टेम्पो, दोन मोटारसायकली. एकाने अर्धा-पाऊण किलोमीटर धावायचे, मशाल दुसऱ्याच्या हाती द्यायची, टेम्पोत चढायचे आणि पुन्हा पाळी येईपर्यंत दम खायचा. अशी रात्र सरते, सकाळ होते, आणि दुपारी वेशीवर हलगी वाजू लागली की सारे गाव रस्त्यावर येते.

मीही दर वर्षी वेशीवर उभी राहत असे, ओवाळणीचे तबक घेऊन. दुसऱ्यांच्या मुलांना ओवाळून घरी येत असे. माझा धाकटा तेव्हा ओट्यावर बसून मोबाईल पाहत असायचा. तो मला काही विचारत नसे आणि मीही त्याला काही विचारत नसे.

यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जेवताना तो एकदम म्हणाला, “आई, या वर्षी मी जाणार आहे ज्योत आणायला.”

तो आता एकोणीस वर्षांचा आहे. तेराव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, त्याला टाइप १ मधुमेह असल्याचे कळले. तीन आठवडे तो घटाघटा पाणी पीत होता, रात्रीतून चार-पाच वेळा उठत होता आणि भरपूर खाऊनही वाळत चालला होता. आम्ही ते ‘अंगाने वाढतोय’ म्हणून सोडून दिले. शेवटी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला आणि त्याला कराडला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. गोड खाण्याने हा आजार होत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हे मला आजही लोकांना समजावून सांगावे लागते. एका बाईंनी तर माझ्या तोंडावर विचारले होते, “लहानपणी फार चॉकलेटं दिलीत का हो?”

दवाखान्यातल्या त्या दिवसांत एक गोष्ट वाचल्याचे आठवते. इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत एका मुलाला दिले गेले. तो चौदा वर्षांचा होता. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. मी ते पान मिटले आणि त्याची सुई टोचायला शिकले.

तर आता हा मुलगा रात्रभर धावायला निघाला होता.

ह्यांनी आधी नाहीच म्हटले. मग रात्री मला म्हणाले, “नको म्हटलं तर न सांगता जाईल. त्यापेक्षा सांगून जाऊ दे.” मला ते पटले. आम्ही तिघेही त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी त्याला शांतपणे विचारले, “सराव किती दिवस करतोयस?” तेव्हा आम्हाला कळले की तो दोन महिने पहाटे कालव्याच्या रस्त्याने धावत होता आणि प्रत्येक वेळी आधी, मध्ये, नंतर रक्तातली साखर मोजून वहीत लिहून ठेवत होता. ती वही त्याने खिशातून काढली. मी शिक्षिका आहे. मुलांच्या वह्या हजारो तपासल्या. पण ती वही तपासताना माझा हात थांबला.

डॉक्टरांनी परवानगी दिली, अटींसह. त्या रात्रीपुरता इन्सुलिनचा डोस कमी करून लिहून दिला. (तो आकडा मी इथे देत नाही. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो आणि तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.) धावायच्या आधी साखर ९० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. २५० च्या वर असेल तर लघवीतले कीटोन तपासायचे, आणि कीटोन आढळले तर धावायचे नाही. इतर मुले अनवाणी धावोत, याने बूट-मोजे घालायचेच. पायाला झालेली जखम मधुमेहात चिघळायला वेळ लागत नाही. आणि शेवटची अट, जी डॉक्टरांनी अगदी सहज सांगितली: “सोबतच्यांपैकी कुणाला तरी हे माहीत असलं पाहिजे.”

बाहेर आल्यावर गाडीत बसता बसता तो म्हणाला, “आई, बाकी सगळं करीन. पण मंडळात कुणाला सांगायचं नाही. तू तर नाहीच नाही.”

“का रे?”

“मग ते मला टेम्पोतच बसवतील.”

मी त्याला वचन दिले. का दिले, ते नीट सांगता येत नाही. कदाचित सहा वर्षांत त्याने पहिल्यांदाच काही मागितले होते म्हणून असेल.

पुढचे चार दिवस मी सामान भरत होते. टेम्पोत जागा कमी, म्हणून प्रत्येकाला एकच सॅक नेता येणार होती. मंडळाचे सामान वेगळे असते: मशालीचे लोखंडी दांडे, सुती चिंध्यांचे बोळे, तेलाचे डबे, भगवे झेंडे, स्पीकर, पाण्याचे जार, सतरंज्या. आणि एक कंदील. गडावरच्या ज्योतीवरूनच तो लावतात आणि टेम्पोत जपून ठेवतात. घाटात वाऱ्याने मशाल विझलीच तर कंदिलावरून ती पुन्हा पेटवायची; ज्योत तीच राहते. मला ही सोय फार आवडते.

माझ्या सॅकमध्ये आधी गरम कपडे गेले. फेब्रुवारीत कराडला दुपारी ऊन चटकते, पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीच्या दिवसांत पहाटे दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतोच. धावून घामेजलेला मुलगा उघड्या टेम्पोत बसला की गारठतो, म्हणून दोन कोरडे बनियन, एक स्वेटर, कानटोपी. मोज्यांचे तीन जोड. ओला मोजा पायाला घासतो आणि फोड येतो, त्यामुळे बूट एक वेळ जुने चालतील, मोजे कोरडे हवेत. बूट मात्र नवेकोरे नकोत. त्याचे दोन महिन्यांच्या सरावाने सैलावले होते, ते बरे झाले.

सायकलच्या दुकानातून चमकणारी पट्टी आणली. गाडीचा उजेड पडला की ती दुरून लकाकते. पाचवडच्या पुढे मुले हमरस्त्यावर येतात. तिथे रात्री मालाचे ट्रक सुसाट असतात. त्याच्या टी-शर्टच्या पाठीवर, छातीवर आणि दोन्ही बाह्यांवर मी ती शिवली. मग वाटले, एकट्याच्याच अंगावर का? पुन्हा दुकानात जाऊन पूर्ण गुंडाळी आणली आणि मंडळाच्या बावीस टी-शर्टांना शिवून दिली. दोन रात्री मशीन चालले. मुले म्हणाली, “काकू, भारी दिसतंय!” त्यांना ते सजावट वाटले. वाटू दे.

मग औषधे. इन्सुलिनचे वापरातले पेन घरच्या तापमानाला काही आठवडे टिकते, पण कडक उन्हात तापलेल्या गाडीत ते बिघडते. परतीचे शेवटचे तास दुपारचे, म्हणून जास्तीचे पेन पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पाकिटात घातले. बर्फाला लागून ते कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ग्लुकोमीटर, पंचवीस पट्ट्या, सुया, जास्तीची बॅटरी, कीटोनच्या पट्ट्या. सर्वांसाठी म्हणून एक वेगळा डबा केला: पट्टी, कापूस, भाजल्यावर लावायचे मलम, मीठ-साखरेची पाकिटे. मशालीचे तापलेले तेल मनगटावर ओघळते, हे मला दर वर्षी ओवाळताना दिसायचे.

खाऊ पाठवणारे तर पुष्कळ निघाले. आत्याबाईंनी शेंगदाण्याची चिक्की दिली, शेजारच्या काकूंनी डिंकाचे लाडू. दोन्ही उत्तम, पण साखर अचानक उतरली तर त्यांचा उपयोग नाही. शेंगदाण्यातले तेल आणि लाडवातले तूप पचनाचा वेग कमी करतात. साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. अशा वेळी चॉकलेटही चालत नाही. लागते ते निखळ ग्लुकोज, किंवा साधी साखर पाण्यात विरघळवून. साधारण १५ ग्रॅम द्यायचे, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा मोजायचे, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्यायचे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी १५ ग्रॅमच्या बारा पुड्या बांधल्या. जुने वैद्य बांधत तशा कागदी, वरून प्लॅस्टिक, घामाने भिजू नयेत म्हणून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सॅक भरून झाली. मी ती उचलून पाहिली. प्रत्येक कप्प्यात काय आहे ते मला पाठ होते. आणि तेवढ्यात ध्यानात आले की हे सगळे सॅकमध्ये आहे, सॅक टेम्पोत असणार आहे, आणि माझा मुलगा रस्त्यावर. बारा पुड्यांपैकी एकही त्याच्या अंगावर नव्हती. धावायच्या चड्डीला खिसासुद्धा नव्हता.

त्याच रात्री चड्डीच्या आतून चेनचा छोटा खिसा शिवला. त्यात दोन पुड्या मावल्या. तो समोर उभा राहून पाहत होता.

मी म्हटले, “खिशातली तू घेशील, शुद्धीवर असलास तर. नसलास तर? ही सॅक कोण उघडणार? उघडून काय पाहणार? बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, हे त्यांना कोण सांगणार?”

“आई, तू वचन दिलंयस.”

“दिलंय. म्हणून तर तुलाच विचारतेय.”

त्याने उत्तर दिले नाही. खोलीचे दार जरा जोरात लावले. मी सॅकची चेन ओढली, पुन्हा उघडली, पुन्हा ओढली. सकाळी तो फार न बोलता निघून गेला. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा स्पीकरवर पोवाडा चालू होता.

दुसऱ्यांच्या मुलांना वेशीवर ओवाळायला जाणे सोपे असते. त्या संध्याकाळी मला बसवत नव्हते, वाचवत नव्हते. साडेसहाच्या सुमारास त्याचा निरोप आला, ज्योत पेटली. सोबत एक फोटो: मागे प्रतापगडाचा बुरूज, पुढे मशाल, आणि माझ्या पट्ट्या लकाकत होत्या. नऊला निरोप, घाट चढतोय. मग काही नाही.

पावणेअकराला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“बाई, म्या टेम्पोवाला बोलतोय. घाबरू नगा. पोरगं शुद्धीत हाय, बोलतंय. साखरेची एक पुडी पाण्यातनं दिलीया. पर त्ये मशीन आकडा दावंना, कायतरी इंग्रजीत लिवतंय.”

त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. त्यांना पुडीचे कसे माहीत, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

“आकडा राहू दे,” मी म्हटले. “आधी साखर दिलीत तेच बरोबर केलंत.” मोजता येत नसेल आणि घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे अशी लक्षणे दिसत असतील तर साखर उतरली आहे असे धरून चालायचे असते. आकड्याची वाट पाहत बसायचे नाही. “त्याला बसवा, पांघरूण घाला, एकट्याला सोडू नका. तुम्ही कुठं आहात?”

“वेण्णा तलावापाशी. लय गारठा हाय, बाई.”

तेव्हा उलगडा झाला. सॅक टेम्पोच्या उघड्या फळीवर होती आणि घाटभर त्यावर वारा लागत होता. ग्लुकोमीटर फार थंड झाले की आकडा दाखवत नाही. बहुतेकांना साधारण दहा अंशांच्या वरचे तापमान लागते. मी त्यांना सांगितले, मशीन आणि पट्ट्यांची डबी त्याच्या शर्टाच्या आत, काखेत धरा. मग पंधरा मिनिटे थांबायचे होते. हे माझ्यासमोर उभे होते, हातात घड्याळ घेऊन. भिंतीवर घड्याळ असताना त्यांनी मनगटावरचे काढून हातात का घेतले होते, कोण जाणे.

पंधरा मिनिटांनी त्याचाच आवाज आला. जड, पण त्याचा.

“आई, ७४.”

“आता जेव. लगेच. काय आहे?”

“पिठलं-भाकरी.”

“भाकरी जास्त खा. आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोज.”

“हो.” मग थोडे थांबून, “मशाल पडली नाही.”

झाले काय होते, ते दुसऱ्या दिवशी तुकड्या-तुकड्यांनी कळले. जेवण महाबळेश्वरला, बाजाराच्या पुढे मोकळ्या जागेत व्हायचे होते. कुणाला दिसू नये म्हणून त्याने दहा मिनिटे आधीच टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यात, चादरीच्या आडोशाने इन्सुलिन टोचून घेतले. एवढ्यात पुढे धावणाऱ्याच्या पायात गोळा आला आणि कुणीतरी ओरडले, “चल रे, तुझा नंबर!” इन्सुलिन घेतल्यावर आधी जेवायचे असते, हे बोलायचे म्हणजे सगळेच सांगावे लागणार. तो उठला, मशाल घेतली आणि धावू लागला. पोट रिकामे, अंगात इन्सुलिन, त्यात घाट चढून थकलेले स्नायू.

एक पाळी त्याने नीट पार केली. पुढचा मुलगा बूट बांधत होता, म्हणून दुसरीही घेतली. मागून येणाऱ्या टेम्पोच्या उजेडात मामांना दिसले की मशाल कलते आहे. धावणारा मशाल खांद्याच्या वर सरळ धरतो, तेल अंगावर येऊ नये म्हणून. हिची ज्योत हळूहळू डावीकडे झुकत चालली होती, आणि धावणारा रस्त्याच्या मधोमध येत होता. मामांनी टेम्पो थांबवला आणि उडी मारली. एका मुलाने मशाल झेलली. मामांनी शर्टाच्या वरच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली, ती परत ठेवली आणि तिच्या मागची ग्लुकोजची पुडी काढली.

ती तिथे कशी आली? सकाळी निघताना माझ्या मुलानेच ती त्यांना दिली होती. मित्रांपैकी कुणालाही सांगितले नव्हते, पण ड्रायव्हर मामांना सांगितले होते. “ते रात्रभर टेम्पो सोडणार नाहीत, आणि मागून मला सतत दिसतील,” हा त्याचा हिशेब. मामांच्या पत्नीही इन्सुलिन घेतात, हे त्याला ठाऊक नव्हते. मामांनी फक्त मान हलवली होती आणि दोन पुड्या खिशात, दोन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. इन्सुलिन त्या तापणाऱ्या कप्प्यात ठेवू नये. साखर खुशाल ठेवावी.

त्यानंतर लपवण्यासारखे काही उरलेच नाही. त्याने सगळ्यांसमोर जेवण केले, सगळ्यांसमोर बोट टोचले. मुलांनी त्याला टेम्पोत बसवलेच, पण वाईपर्यंतच. पसरणीचा घाट तो पांघरुणात बसून उतरला. मग हमरस्त्यावर पुन्हा पाळी घेतली. ११८ आकडा दाखवून. साताऱ्यानंतर उजाडले तेव्हा पुढच्या प्रत्येक पाळीआधी कुणीतरी विचारत होते, “किती?” तो सांगत होता. बारीकसारीक मुलांनाही आकड्यांचा अर्थ कळू लागला होता म्हणे.

मी दुपारी एकला वेशीवर तबक घेऊन उभी होते. तो शेवटून तिसरा धावला, बूट घालून. गावात शिरताना बाकीच्यांनी चपला टेम्पोत टाकल्या होत्या, त्याच्या बुटांकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. माझ्यापाशी आला तेव्हा उजव्या मनगटावर रुपयाएवढा भाजल्याचा डाग होता. त्यावर पांढरे काहीतरी वाळले होते. टूथपेस्ट! डब्यात मलम असताना. भाजल्यावर आधी वीस मिनिटे गार पाण्याखाली धरायचे, टूथपेस्ट लावायची नाही, हे शाळेत मी दर वर्षी शिकवते. मी ओवाळले आणि तिथेच त्याचे मनगट नळाखाली धरले. इतक्या उशिरा त्याचा फारसा उपयोग नव्हता, पण पेस्ट तरी निघाली.

घरी येऊन तो झोपला. अशा धावण्यानंतर स्नायू रिकामे झालेले साठे भरायला पुढचे कितीतरी तास, कधी पूर्ण दिवसभर, रक्तातली साखर ओढत राहतात. धोका संपला असे वाटते तेव्हाच झोपेत ती उतरते. मी तीन वेळा त्याला उठवून मोजले. दोनदा तो चिडला, तिसऱ्यांदा न उठताच बोट पुढे केले.

तो झोपला असताना मी सॅक उपसली. मोज्यांचा एक जोड घडीचा तसाच होता. स्वेटरला तेलाचा वास. डिंकाचे लाडू संपलेले, चिक्कीचा चुराही उरला नव्हता. ती साताऱ्याच्या पुढे सगळ्यांनी मिळून संपवली. पंचवीस पट्ट्यांपैकी सहाच शिल्लक होत्या. त्याने इतक्या वापरल्या नसणार म्हणून विचारले, तर उंब्रजच्या चहाच्या टपरीवर मुलांनी रांग लावून आपापली साखर मोजून घेतली होती. प्रत्येकाला नवी सुई दिली, असे त्याने मला शपथेवर सांगितले. चड्डीच्या आतल्या खिशातल्या दोन्ही पुड्या मात्र जागच्या जागी होत्या. साखर उतरली तेव्हा त्याला त्या आठवल्याच नव्हत्या. साखर उतरली की आधी विचार करण्याची शक्तीच जाते. खिशात हात घालायचे सुचत नाही. ओलसर झालेल्या त्या दोन पुड्या हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते.

मंडळाची बैठक आठ दिवसांनी आमच्याच ओसरीवर झाली. मी आत चहा करत होते. मुले पुढच्या वर्षीच्या सामानाची यादी करत होती: दांडे, तेल, चिंध्या, कंदील. मग आवाज जरा खाली गेला. चहा घेऊन गेले तेव्हा यादीचा दुसरा कागद माझ्या मुलाच्या मांडीवर होता. वरती लिहिले होते, ‘कुणाला काय आहे’. पहिले नाव त्याचे. दुसरे एका सडपातळ, हसऱ्या मुलाचे. त्याला दमा आहे, पंप लागतो. चार वर्षे तो ज्योत घेऊन धावतो आहे आणि पंप दर वेळी मोज्यात लपवून नेत होता. तिसऱ्याला लहानपणापासून फिट येते. गोळी रात्री नऊला घ्यावी लागते आणि जागरण त्याला सोसत नाही. त्याला पहाटेची पाळी द्यायची आणि रात्री झोपू द्यायचे, असे ठरले होते. चौथे नाव ड्रायव्हर मामांचे, रक्तदाब. त्यांनी ते स्वतः सांगितले की मुलांनी काढून घेतले, ते कळले नाही.

खाली सामान होते. ग्लुकोजच्या पुड्या: मामांच्या खिशात दोन, दोन्ही मोटारसायकलींवर दोन-दोन, मशाल घेणाऱ्याच्या जोडीदाराकडे एक. ग्लुकोमीटर: सॅकमध्ये नाही, कुणाच्या तरी स्वेटरच्या आत. इन्सुलिन: ताट वाढल्यावरच. मलम. ‘टूथपेस्ट आणू नये’ हे कुणीतरी वेगळ्या अक्षरात खोडसाळपणे घुसडले होते.

आणि अगदी तळाशी, माझ्या मुलाच्या अक्षरात: ‘आईला फोन – गरज पडली तरच.’